सिकलसेलवाल्या पोराचं अपंग सर्टिफिकेट कसं काढायचं

गडचिरोली, भामरागडकडचे गोंड-माडिया लोकं नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत येतात, रक्त चढवून परत जातात, पण २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) आहे हे कोणी सांगतच नाही.

आधी रिपोर्ट नीट पाहा भाऊ. नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर (ती फक्त पहिली चाळणी) थांबू नका, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पक्क्या रक्त तपासणीचा कागद लागते, त्यात "एसएस" असलं तर आजार, "एएस" असलं तर फक्त वाहक, त्याला सर्टिफिकेट मिळत नाही. मग आधार आणि फोटो घेऊन यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) स्वावलंबन पोर्टलवर फॉर्म भरा, तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर जाताना आतापर्यंतचे सगळे डिस्चार्ज कार्ड न्या, किती वेळा भरती झालं ते त्यावरूनच दिसते. आमच्या भाच्याचे कार्ड घरी पावसात भिजले, एका खिडकीवरून तीनदा परत पाठवलं, म्हणून झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या पन्नीत ठेवा. बहुतेक सवलतींना सर्टिफिकेटवर ४०% अपंगत्व लागते.

आणि गावच्या पीएचसीत (सरकारी आरोग्य केंद्रात) हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध नसलं तर भांडत बसू नका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका, मागच्या सहा महिन्यांच्या औषधाच्या स्टॉकची नोंद मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते. बीपीएल कार्ड असलं तर ते १० रुपये पण नाही लागत.