हिवाळी वादळात एकट्याने डोंगर: माघारीचा आकडा घरीच ठरवावा

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील माउंट वॉशिंग्टनची उंची १,९१७ मीटर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटर अधिक. बोस्टनहून मोटारीने साधारण तीन तासांत पायथा गाठता येतो. सह्याद्रीत वाढलेल्या आणि आता नोकरीनिमित्त त्या बाजूला राहणाऱ्या ट्रेकरला हा डोंगर शनिवार-रविवारचा वाटतो, आणि उन्हाळ्यात तो तसा आहेही. हिवाळ्यातले आकडे मात्र वेगळेच आहेत. शिखरावरील वेधशाळेने १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा झोत मोजला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथे उणे ४४ अंश सेल्सिअस तापमान व वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे ७८ अंश इतकी नोंदली गेली.

अशा ठिकाणी एकट्याने जावेसे वाटते, यात वेडेपणा आहे असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात भर पावसात एकट्याने घाट चढलेल्या माणसाला ही ओढ समजावून सांगावी लागत नाही. चाल आपली, थांबणे आपले, आणि बोलणारे कोणी नसल्यामुळे पायाखालच्या बर्फाचा आवाज बदलला तरी तो लगेच कानी येतो. जपानचे नाओमी उएमुरा १९७० मध्ये अलास्कातील डेनालीवर एकट्याने पोहोचणारे पहिले गिर्यारोहक ठरले. पुढे १२ फेब्रुवारी १९८४ रोजी, आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, ते हिवाळ्यातही एकट्याने शिखरावर गेले आणि उतरताना बेपत्ता झाले. हिमभेगेत पडलो तर अडकून राहावे म्हणून अंगाला लांब बांबू बांधून चालण्याइतका तो माणूस सावध होता.

एकट्याने जाताना नेमके काय हरवते, हे आधी ओळखले पाहिजे. दुसरा माणूस ओझे वाटून घेतो, हा त्याचा सर्वांत लहान उपयोग. तुमच्या नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग उमटलेला तो पाहतो. तुमची जीभ अडखळू लागली, तुम्ही त्याच पट्ट्याशी तिसऱ्यांदा झटत आहात, हे त्याच्या ध्यानात येते. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली जाऊ लागले की हात आणि विचार दोन्ही मंदावतात, आणि ते मंदावले आहेत हे कळण्याची शक्तीही त्यांच्यासोबतच जाते. त्यामुळे माघारीचा निर्णय वर जाऊन घेईन, हा बेतच चुकीचा आहे. तो घरी, उबेत, कागदावर आकड्यांत लिहून काढावा.

त्या कागदासाठी वेधशाळेकडून उंच शिखरांसाठी रोज दिला जाणारा अंदाज वाचावा. पायथ्याच्या गावाचे हवामान येथे निरुपयोगी आहे. माझा स्वतःचा नियम असा: वृक्षरेषेवर (जिच्या वर झाडे वाढत नाहीत ती उंची) वारा ताशी ६० किलोमीटरच्या वर किंवा जाणवणारी थंडी उणे ३० अंशांच्या खाली जाणार असेल, तर एकट्याने झाडीबाहेर पाऊल टाकायचे नाही. जाणवणारी थंडी उणे २८ अंशांवर गेली की उघड्या त्वचेला दहा ते तीस मिनिटांत हिमदंश होऊ शकतो, उणे ४८ च्या पुढे दोन ते पाच मिनिटांत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, हेही लक्षात ठेवावे. आकड्यांसोबत घड्याळातील वेळ लिहावी: शिखर कितीही जवळ दिसले तरी अमुक वाजता मागे फिरायचे.

अंदाजातील सर्वांत फसवा भाग म्हणजे वादळाची पाठ. हिमवर्षाव थांबतो, आकाश निळे होते, आणि नेमका तेव्हा वायव्येचा वारा जोर धरतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये बत्तीस वर्षांची एक गिर्यारोहक मॅडिसन, ॲडम्स, जेफरसन आणि वॉशिंग्टन ही शिखरे एका दिवसात एकट्याने करण्यासाठी पहाटे निघाली. ती मोठमोठी शिखरे चढलेली होती आणि तिच्याकडे उपग्रह फोन, जीपीएस व संकटसूचक बीकन होते. दुपारी तिने बीकन सुरू केला, परंतु त्याने दिलेली स्थाने एकमेकांशी जुळेनात. रात्री वर गेलेले पथक तिच्यापर्यंत पोहोचू शकले नाही आणि दुसऱ्या दिवशी मॅडिसन व ॲडम्स यांच्या दरम्यान तिचा मृतदेह मिळाला. यंत्र मदत मागते. मदत येईपर्यंत ऊब देत नाही. म्हणून दिवसभराच्या चढाईतही स्लीपिंग बॅग, बिवी सॅक (तिच्यावर चढवायची वारारोधक पिशवी) आणि फोमची चटई पाठीवर हवीच, वजनाची कुरकूर करू नये.

वाऱ्याची दिशा जातानाच्या नव्हे, परतीच्या वाटेच्या हिशेबाने आधीच तपासावी. पाठीवर वारा घेऊन चढलेला माणूस भराभर पुढे जातो आणि मागे वळताच तोच वारा चेहऱ्यावर येतो. झाडीत तर वारा जाणवतच नाही. मॅडिसनकडे जाणारी व्हॅली वे ही वाट जवळजवळ वरच्या हटपर्यंत (गिर्यारोहकांच्या निवाऱ्यापर्यंत) झाडांच्या आडोशाने जाते, म्हणून सरावाला उत्तम, पण याच कारणाने फसवीही. ती हट हिवाळ्यात बंद असते. वॉशिंग्टनच्या माथ्यावरील इमारतही प्रवाशांसाठी बंद असते. वर काहीतरी उघडे असेलच, हा आपल्याकडच्या गडांवरचा भरवसा येथे सोडावा.

सामानाची यादी कुठेही मिळते; सराव मात्र क्वचित कोणी सांगतो. थंडीच्या रात्री घराच्या गच्चीवर किंवा अंगणात जावे, जाड हातमोजे घालून दिवा न लावता क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे) चढवावेत, थर्मास उघडावा, बीकनची अँटेना उलगडून पाहावी (बटण अर्थातच दाबू नये). जे हातमोजे काढल्याशिवाय जमत नाही, ते वादळात जमणार नाही असे धरून चालावे. झिपांना दोरीची लांब शेपटी बांधावी. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी, कारण बर्फ वरून धरतो आणि उलट्या बाटलीचे तोंड मोकळे राहते. गॉगलचे जोड दोन असावेत: माकडटोपीतून वर येणारा श्वास काचेच्या आत गोठतो, आणि एकदा आत बर्फ धरला की घासून तो निघत नाही, उलट काच ओरखडते. माझा पहिला गॉगल वृक्षरेषेच्या पाच मिनिटे पुढे असाच गेला. दुसरा गाडीत होता. पापण्या चिकटू लागल्यावर मी वळलो आणि झाडीत पोहोचेपर्यंत एका डोळ्याने वाट शोधत चाललो.

घाम हा दुसरा शत्रू. झाडीत चढताना थोडी थंडी वाजत राहील इतकेच कपडे असावेत, आणि वाऱ्याचा कोट झाडी संपण्यापूर्वी, शेवटच्या खुरट्या स्प्रूसच्या आडोशाला, चढवावा.

निघण्यापूर्वी आकड्यांचा तो कागद घरच्या माणसाच्या हाती द्यावा. त्यावर वाटेचे नाव, पर्यायी उतरण, गाडीचा क्रमांक आणि जॅकेटचा रंग लिहावा, आणि एक पक्की वेळ. समजा ती सायंकाळी सात असेल, तर सातला फोन न आल्यास ९११ या तेथील आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे, साडेसातची वाट पाहायची नाही. तुम्ही सहा वाजताच खाली आलात आणि फोनला रेंज नसेल, तर जेवायला थांबण्यापूर्वी रेंज मिळेल तेथवर गाडी न्यावी व आधी तो फोन करावा; अन्यथा तुमच्या शोधात माणसे बिछान्यातून उठून वाऱ्यात वर जातील, आणि त्यांत अनेक जण स्वयंसेवक असतात.