आईच्या लुगड्याची वाकळ

आईची 3 इरकली लुगडी मागं राहिली. दोन मावश्यांना दिली, तिसऱ्याची मी वाकळ, म्हणजे गोधडी, शिवली. शेजारच्या अक्का कानडीत तिला कौदी म्हणतात. आमच्या बेळगावच्या वडगावात एकाच कट्ट्यावर दोन्ही शब्द चालतात.

तुम्हाला शिवायची असेल तर घाई नको. तेराव्यापर्यंत आमच्या घरी सुई धरत नाहीत. मला तर वर्षश्राद्धापर्यंत ट्रंक उघडवली नाही.

लुगडं आधी धुवा. वास जाईल म्हणून जीव तुटतो, पण मळ राहिला की कसर लागते. इरकलीचा पदर रेशमी, वेगळ्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा. मागावर तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. त्या सांध्यावर कात्री लावू नका, चार बोटं सोडून सुती बाजूला कापा. उरलेल्या अंगाचे दोन-दोन वारांचे 4 तुकडे होतात. कात्री फक्त काठापुरती, पुढं हातानं फाडा, सरळ जातं. तो आवाज मात्र ऐकवत नाही. पहिला तुकडा अर्धा फाडून मी उठले नि चहा ठेवला.

चारी तुकडे एकावर एक अंथरा, सुरकुत्या काढा, उशाकडं पदर ठेवा, कडेनं कच्चे टाके घाला. दोरा जाड सुतीच, खडेबाजारात मिळतो; नायलॉनचा जुन्या कापडाला कापतो. हातभरच ओवा, लांब घेतला की गुंततो.

मग कडेपासून आत चौकोनी फेऱ्या. मी एका टाक्याला एकदा विठ्ठल म्हणायची. बाहेरची फेरी पाच-सहाशे टाक्यांची, चार दिवस पुरली. आतल्या फेऱ्या आखडत जातात, शेवटी बसल्या बैठकीला दोन-तीन होतात. आईचं काय राहिलं, काय झालं, असं आठवत शिवायला बसले होते. अर्ध्यावर ध्यानात आलं, मी माझ्या 61 वर्षांच्या फेऱ्या मोजतेय.

मधल्या वीतभर जागेवर माझ्या रोजच्या साडीचं ठिगळ लावलं. साडी अजून नेसते, आतल्या टोकाला भोक आहे, ते निऱ्यांत झाकतं. मुलगी चिडली, ‘जिवंतपणी हे काय गं आई!’ म्हटलं, मागनं तुला शोधत बसायला नको.

पहिल्याच रात्री नातवानं वाकळ भिजवली. तेव्हा धुण्याचंही सांगते: गार पाण्यात बुडवा, पायानं तुडवा, पिळू नका, दगडावर आपटू नका. दोरीवर नको, ओझ्यानं टाके ताणतात. बाजेवर पसरून दोन दिवस ऊन द्या, मधे एकदा उलटा.