कोळंबीचं शास्त्रीय नाव लिहायचंय? आधी शेवटचा पाय बघा

कोळंबीचा रंग बघून शास्त्रीय नाव सांगणाऱ्यांचं मी आता ऐकत नाही. बर्फात चार तास राहिलेल्या कोळंबीचा रंग पुरावा म्हणून चालत नाही. बाजारातल्या नावाचंही तेच. 'टायगर' या एका नावाखाली निदान दोन जाती विकल्या जातात आणि 'सफेद'खाली तर तीन-चार. गोव्यात सगळ्यांना मिळून सुंगटां म्हणतात. जेवायला बसलात की ते पुरे आहे. पण पेटीवर, नोंदवहीत किंवा प्रबंधात नाव लिहायचं असेल, तर ते जनावराच्या अंगावरूनच काढावं लागतं.

ताजी, डोक्यासकट, डोक्यावरचा काटा न मोडलेली पाच-सहा कोळंबी घ्या. चिमटा, भिंग आणि जुनं सुती फडकं जवळ ठेवा.

पहिल्यांदा गट ठरवा. पोटाच्या दुसऱ्या कड्याची बाजूची झडप बघा. ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही झडपांवर चढलेली असेल, तर तुमच्या हातात कॅरिडिया गटातली कोळंबी आहे. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, याच गटातली. या गटातल्या माद्या अंडी पोटाखाली घेऊन फिरतात. ती झडप फक्त मागच्या कड्यावर चढलेली असेल आणि पायांच्या पहिल्या तीन जोड्यांना चिमटे असतील, तर ती पिनिड गटातली. पिनिड मादी अंडी थेट पाण्यात सोडते, म्हणून तिच्या पोटाखाली अंडी कधीच दिसणार नाहीत. जवळा या दोन्हींत बसत नाही. तो असेटिस, त्याचं कुळच वेगळं. त्याला चालायच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या नसतात.

पिनिड ठरली, की मग डोक्यावरचा करवती काटा. वर आणि खाली दोन्हीकडे दात असले तर पिनियस. फक्त वरच असले तर बहुधा मेटापिनियस किंवा पॅरापिनिऑप्सिस.

इथपर्यंत कुणीही पोचतं. अडतं ते पुढे, टायगरपाशी. पिनियस मोनोडॉन आणि पिनियस सेमिसल्केटस या दोघी अंगावर पट्टे घेऊन येतात. दोघींच्या काट्याला दोन्हीकडे दात असतात आणि दातांची संख्याही एकमेकींत मिसळते. दात मोजून यांचा निवाडा करा असा सल्ला कुणी दिला, तर त्याने या दोघी शेजारी ठेवून पाहिलेल्या नाहीत असं समजा.

पुस्तकातली खूण साधी आहे: सेमिसल्केटसच्या पाचव्या पायाच्या बुडाशी एक बारीक फाटा असतो, मोनोडॉनला तो नसतो. या एका वाक्याने माझे कित्येक दिवस वाया घालवले. प्रत्येक कोळंबीत मला फाटा दिसायचा आणि प्रत्येक मोनोडॉन मी सेमिसल्केटस म्हणून नोंदवत होतो. सबंध वहीच चुकली आणि सगळे नमुने पुन्हा तपासावे लागले. चूक मोजण्यात होती. पुढून मोजायला लागलं की तोंडाजवळचा, पायासारखाच दिसणारा जबड्याचा अवयव पहिला पाय म्हणून मोजला जातो. मग ज्याला आपण पाचवा म्हणतो तो असतो चौथा, आणि चौथ्या पायाला फाटा दोघींनाही असतो!

म्हणून पाय नेहमी मागून मोजा. पोहायचे पाय जिथे सुरू होतात, त्याच्या लगेच पुढची चालायच्या पायांची जोडी म्हणजे पाचवी. खात्री हवी असेल तर चिमटे तपासा: चिमटेवाल्या तीन जोड्या, त्यांच्यामागे बिनचिमट्याच्या दोन. सेमिसल्केटसचा फाटा इतका छोटा असतो की कल्ल्यावरच्या कवचाखाली लपून जातो. कवचाची कड चिमट्याने हलकेच उचला, पाय बाहेरच्या बाजूला वळवा आणि बुडाशी भिंग धरा. घाईने ओढलात तर पाय फाट्यासकट तुटून येतो. मग दुसरी कोळंबी घ्या, तुटलेल्या पायावरून अंदाज बांधू नका.

दुसरी खूण कवचावर मिळते. कवच फडक्याने कोरडं पुसा. ओलं कवच चकाकतं आणि कंगोरे दिसेनासे होतात. आता उजेड बाजूने पडू द्या आणि यकृताच्या जागेवरून पुढे जाणारा कंगोरा पाहा. मोनोडॉनमध्ये तो आडवा, सरळ जातो. सेमिसल्केटसमध्ये पुढे जाताना खाली उतरतो. काट्याच्या मागे पाठीवर जो उंचवटा असतो, त्याच्या मधोमध सेमिसल्केटसला स्पष्ट खोबण असते. तिच्या नावातच ती आहे: सल्कस म्हणजे खोबण. मोनोडॉनमध्ये ती नसल्यातच जमा. ताज्या सेमिसल्केटसच्या लांब मिशांवर पट्टे दिसतात, ते साक्षीला ठेवा. निर्णय पायाचा आणि कंगोऱ्याचा.

पांढऱ्यांमध्ये पिनियस मर्ग्युएन्सिसचा काटा बुडाशी उंच, त्रिकोणी असतो. पिनियस इंडिकसचा तेवढा उंच नसतो. व्हॅनामी ही पांढरी कोळंबी मूळची अमेरिका खंडांच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. आपल्याकडे २००९ पासून तिच्या शेतीला परवानगी आहे, त्यामुळे तळ्यातला माल असेल तर तिचा विचार आधी करा.

आता लिहिणं. रोमन लिपीत प्रजातीचं (जीनस) नाव मोठ्या अक्षराने सुरू करा, जातीचं (स्पीशीज) लहान अक्षराने, दोन्ही तिरप्या ठशात. पुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल सरळ ठशात: पिनियस मोनोडॉन फॅब्रिशियस, १७९८. कंस शोभेसाठी घालायचा नसतो. ज्या प्रजातीत जात पहिल्यांदा मांडली होती तिथून ती हलवली, तरच कंस येतो. मेटापिनियस अफिनिस (एच. मिल्न एडवर्ड्‌स, १८३७) इथे कंस आहे, कारण मिल्न एडवर्ड्‌स यांनी तिला पिनियसमध्ये ठेवलं होतं.

यावरून व्हॅनामीचा गोंधळही सुटतो. बून यांनी १९३१ मध्ये तिला पिनियस म्हटलं. १९९७ मध्ये पेरेझ फारफान्ते आणि केन्सली यांनी पिनियसच्या उपप्रजातींना (सबजीनस) स्वतंत्र प्रजातींचा दर्जा दिला आणि ती झाली लिटोपिनियस व्हॅनामी (बून, १९३१). पुढे डीएनएच्या अभ्यासातून ही फाळणी टिकेना, म्हणून आता बरेच जण पुन्हा पिनियस व्हॅनामी बून, १९३१ असं लिहितात, बिनकंसाचं. माझं मत ठाम आहे: पिनियस लिहा. पण जुने कागद शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धी माहिती हातची जाईल. आणि एकाच कागदावर दोन्ही पद्धती मिसळू नका. लिटोपिनियस लिहून बून बिनकंसाचा ठेवलेला मी फार ठिकाणी पाहिला आहे.

डोकं काढलेला माल समोर आला तर काटा, कंगोरा आणि चालायचे पाय सगळंच गेलेलं असतं. तिथे फक्त 'पिनियस एसपी.', म्हणजे जात न ठरलेली पिनियस, असं लिहा आणि जातीचं नाव हवंच असेल तर डीएनए तपासणीला पाठवा. नमुना बाटलीत ठेवताना नाव, तारीख आणि बंदर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. स्पिरिटमध्ये पेनाची शाई उतरते.