विंडोज १०चा आधार संपला म्हणून लॅपटॉप भंगारात काढू नका: मिंट बसवा, मराठीसकट

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१३ ते २०१७च्या दरम्यान घेतलेले, अजून ठणठणीत असलेले लॅपटॉप एका तारखेत बाद ठरले. त्यांच्यासाठी सर्वांत सरळ पर्याय म्हणजे लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. मिंट २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आधी पाहा, हे तुमच्यासाठी आहे का. टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप किंवा श्रीलिपीवर पोट असेल तर विंडोज पूर्ण काढू नका. ई-टेंडर भरत असाल तर डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे टोकन देणाऱ्याला आधीच विचारा. प्रिंटर एचपीचा असेल तर बहुधा लगेच चालतो. कॅननचा एलबीपी २९०० मात्र डोकेदुखी आहे, त्याचा ड्रायव्हर जुना आणि हट्टी. ब्राउझर, ऑफिसची कागदपत्रं, ऑनलाइन वर्ग, बँक, रेल्वे तिकीट एवढंच काम असेल तर बिनधास्त पुढे जा.

मशीनमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर पहिला खर्च तिथे करा. २.५ इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क), २४० किंवा २५६ जीबी, पुरेशी होते, आणि वेगात जो फरक पडतो तो प्रोसेसर बदलूनही पडत नाही. रॅम निदान ४ जीबी हवी; ८ असेल तर उत्तम. घेण्यापूर्वी आतल्या रॅमच्या पट्टीवरचं लेबल वाचा: डीडीआर३एल आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगळ्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. सहाव्या पिढीच्या लॅपटॉपांत दोन्ही प्रकार आढळतात, म्हणून मॉडेलवरून अंदाज बांधू नका. उघडताना चार्जर काढा आणि बॅटरीची जोडणी आधी सोडवा.

४ जीबी रॅमवर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ८वर सिनॅमन. मिंटच्या साइटवरून उतरवायची फाइल सुमारे ३ जीबीची आहे, म्हणून ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल आणि त्यावरचं सगळं पुसलं जाईल. डाउनलोड झाल्यावर फाइलचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का, हे सांगणारी खूण) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तो काढता येतो. बरेच जण ही पायरी टाळतात आणि अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे इन्स्टॉल मध्येच अडकलं की दोष लिनक्सला देतात. मग रुफस किंवा बलेना एचर या प्रोग्रामने ती फाइल पेनड्राइव्हवर चढवा, म्हणजे त्यावरून लॅपटॉप सुरू करता येतो.

आता खरी काळजी घ्यायची जागा. सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दोन-चार फाइली उघडून खात्री करा. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. नाहीतर विंडोज पुढे ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधलं फास्ट स्टार्टअपही काढा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्सला त्याची डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही.

लॅपटॉप चालू करताना बूट मेनूचं बटण दाबा: डेल आणि लेनोव्होला सहसा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसुसला एस्केप. एसरमध्ये एफ१२चा मेनू अनेकदा बंद असतो. एफ२ने बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन तो सुरू करावा लागतो.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं की लगेच इन्स्टॉलवर क्लिक करू नका. तिथेच वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रकाश कमी-जास्त करणं आणि झाकण मिटून पुन्हा उघडणं हे सगळं तपासा. वाय-फाय दिसलं नाही तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची असते. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटा मोड (डिस्क जोडण्याची पद्धत) आरएसटी किंवा रेडवर असतो, तो एएचसीआय करायचा. विंडोज ठेवणार असाल तर बदलापूर्वी त्याला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, नाहीतर निळा पडदा येतो.

इन्स्टॉल करताना मल्टिमीडिया कोडेक्सवर (गाणी-व्हिडिओ चालवणाऱ्या जोडण्यांवर) टिक करा. झाल्यावर आधी अपडेट, मग सिस्टिमची आधीची स्थिती जपून ठेवणारं टाइमशिफ्ट सुरू करा. अपडेटनंतर काही बिघडलं तर काही मिनिटांत मागे येता येतं. टाइमशिफ्ट फक्त सिस्टिम जपतं, तुमच्या फाइलींचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंग्जमधल्या लेआउटमध्ये मराठी एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट जोडा. त्यात जे म्हणजे र, शिफ्टसह जे म्हणजे ऱ. त्यापुढे डी दाबून हलन्त द्या आणि य टाका, की ‘दऱ्या’मधला ऱ्य नीट उमटतो. रोमन अक्षरांवरून टायपायची सवय असेल तर टायपिंगची पद्धत बदलणारं आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज बसवून मराठी फोनेटिक निवडा, आणि एकदा लॉगआउट करा. लिबरऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्रामच्या भाषा सेटिंग्जमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून मराठी निवडली आणि नोटो सान्स देवनागरी फॉन्ट घेतला, तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, हिंदी नाही. हा बदल जरूर करा.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण आणलं. केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवरच शिकतात, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस लिनक्सही आहे. महाराष्ट्रातल्या शाळांनी केरळचा कित्ता गिरवावा. तुमच्या गावातल्या शाळेची संगणक खोली विंडोज १०मुळे कुलूपबंद झाली असेल, तर मुख्याध्यापकांना भेटा आणि एक संगणक पेनड्राइव्हवरून चालवून दाखवा. त्यासाठी त्याच्या डिस्कला हातही लावावा लागत नाही.