वस्तीतल्या मुलांना ओहोटीच्या खडकांवर नेताय? या चुका टाळा

मुंबईत महापालिका शाळांतल्या आणि वस्त्यांमधल्या मुलांना खडकाळ किनाऱ्यावर नेणारे गट आता बरेच झाले आहेत. मला त्याचा मनापासून आनंद आहे. हाजी अलीपासून दोन बसस्टॉपवर राहणारं मूल दहा वर्षांचं होईपर्यंत एकदाही त्या खडकांवर उतरलेलं नसतं, हे मला अजूनही सहन होत नाही. पण दर हिवाळ्यात नवे लोक उत्साहानं येतात आणि त्याच त्या चुका करतात.

सगळ्यात महाग पडते ती वेळेची चूक. पहिल्याच वर्षी ती आमच्याकडूनही झाली. एका शनिवारी सकाळी दहाला आम्ही जागा बघून आलो. ओहोटी होती, डबकी दिसत होती, समुद्रफुलं (खडकाला चिकटलेले फुलासारखे प्राणी) उघडलेली होती. ‘पुढच्या शनिवारी याच वेळी मुलांना आणू’ असं ठरवून टाकलं. पुढच्या शनिवारी अडतीस मुलं, अकरा आया आणि दोन आज्या घेऊन पोचलो, तर पाणी भिंतीला लागलेलं. भरती-ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत सहा तास. त्यामुळे एका आठवड्यानं त्याच वेळी बरोबर उलटं चित्र असतं. आम्ही बारापर्यंत उन्हात बसून राहिलो. मुलं भुकेली झाली. एका बाईनं दोन घरच्या कामाचा खाडा केला होता, तिचे पैसे कापले गेले. ती मला काही बोलली नाही, पण पुढच्या वेळी आली नाही.

जवळच कालवं काढायला आलेली एक मावशी पाणी उतरायची वाट बघत बसली होती. तिनं विचारलं, “आज तिथी कंची?” द्वादशी होती. ती म्हणाली, “मग बाराचे पाऊणपट नऊ. नवाला पुरी भरती. आता काय दिसनार तुमाला?” कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशोब आहे. तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ मिळते. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी मिळते. आधीच्या शनिवारी पंचमी होती. पावणेचारला भरती, म्हणून दहाला ओहोटी. सगळं तिथल्या तिथे जुळलं.

तेव्हापासून मी आधी तिथी बघते आणि मगच भरतीचा तक्ता उघडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हाच पाणी सर्वात जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं. तेव्हा ओहोटी दुपारी शाळेच्या सोयीच्या वेळी येते खरी, पण खालचे खडक उघडेच पडत नाहीत. मला आवडते ती द्वितीया किंवा तृतीया. ओहोटी साडेसात-आठच्या सुमारास येते, उजेड असतो, ऊन नसतं. तक्त्यात ओहोटीची उंची एक मीटरच्या खाली असेल तरच तारीख धरा. ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी वळलं की निघा. ‘अजून पाच मिनिटं, एक फोटो’ हा हट्ट मी कोणाचाही चालवून घेत नाही. मुंबईत भरती झपाट्यानं चढते आणि मागचा खोलगट भाग आधी भरतो.

दुसरी चूक म्हणजे शंख गोळा करण्याची स्पर्धा. एका कार्यक्रमात मी पाहुणी होते. ‘जो जास्त शंख आणेल त्याला बक्षीस’ असं मुलांना सांगितलेलं. वीस मिनिटांत वर्तमानपत्रावर शंखांचा ढीग झाला. थोड्या वेळानं तो ढीग हलायला लागला. निम्म्याहून जास्त शंखांत शंखवासी खेकडे (हर्मिट क्रॅब) होते. त्यांचं पोट मऊ, उघडं असतं, म्हणून ते रिकाम्या शंखात राहतात. अंग वाढलं की त्यांना मोठा शंख शोधावा लागतो. म्हणजे रिकामा शंखही ‘कोणाचाच नाही’ असं नसतं. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद क्षणात उतरला. पहिल्या आलेल्या मुलीनं बक्षीस घेतलं नाही. ती एकेक शंख उचलून परत डबक्यात ठेवत बसली. चूक मोठ्यांची होती आणि लाज तिला वाटत होती.

माझी पद्धत साधी आहे. एक डबकं, पाच मुलं, एक मोठं माणूस, दहा मिनिटं. कोणी पाण्यात हात घालायचा नाही. पहिली तीन मिनिटं काही दिसत नाही. मग ‘दगड’ चालायला लागतो, वाळूतून डोळे वर येतात, कोळंबी दिसते. मुलं हे सहज करतात. धीर सुटतो तो स्वयंसेवकांचा. त्यांना तासाभरात वीस प्रजाती दाखवायच्या असतात, लॅटिन नावांसकट. मुलांना आधी ‘चिंबोरी’, ‘निवटी’, ‘कालव’ म्हणू द्या.

बाटलीत प्राणी घरी देऊ नका. नळाच्या पाण्यात तो मरतो. दगड उलटवलात तर होता तसाच परत ठेवा. जिवंत प्रवाळावर पाय पडू देऊ नका. मुंबईतही प्रवाळ आहे. कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीचं प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावं लागलं होतं. रबरी चपला घालून कोणालाही उतरवू नका, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. मी मापाप्रमाणे जुने कॅनव्हासचे बूट जमवून ठेवते. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका. जुहूच्या वाळूवर निळ्या फुग्यासारखी ब्लू बॉटल दिसली तर ती मेलेली असली तरी हात लावू देऊ नका. गुडघाभर पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेल्या पाकटावर (शेपटीला विषारी काटा असलेल्या चपट्या माशावर) पाय पडत नाही. 2013 च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर पाकटांनी किती लोकांना डंख मारला होता ते आठवा.

आयांना पिशव्या सांभाळायला बसवतात, त्याचा मला सर्वात जास्त राग येतो. बाजारात बांगड्याचा गलफडा उघडून ताजा-शिळा ओळखणारी बाई जीवशास्त्रच करत असते. तिला तोच गलफडा मुलांसमोर उघडायला सांगा. बिहारच्या गावाकडून आलेल्या एका आईनं नदीतला खेकडा मागून कसा धरायचा ते दाखवलं, तेव्हा तिचा मुलगा तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर माझ्या कुठल्याही तक्त्यानं आणली नसती. तिला पुढे येऊ द्यायचं असेल तर माहितीचा कागद तिच्या भाषेत हवा, जाण्या-येण्याचं भाडं आधी हातात हवं आणि जवळ चालू स्थितीतलं शौचालय हवं. शौचालय नसेल तर मुली आणि आया पाणीही न पिता तीन तास काढतात, आणि कोणी तोंडानं सांगत नाही.

आणि तारीख परस्पर ठरवू नका. सकाळी साडेसात ही समुद्राची सोय झाली. वस्तीत त्याच वेळी नळाला पाणी येत असेल, तर आई येणार कशी? कॅलेंडरवर द्वितीया-तृतीयेचे रविवार आत्ताच खुणा करून ठेवा, तीन-चार तारखा वस्तीत घेऊन जा, आणि त्यातली कोणती ठेवायची ते बायकांना ठरवू द्या.