ऊन सरकण्याआधी: प्रवासात जलरंगांत निसर्गचित्र कसे रंगवावे

बाहेर बसून चित्र रंगवताना रंग पुरतात, कागद पुरतो, ऊन मात्र पुरत नाही. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. ज्या सावलीकडे बघून रेखाटन सुरू केले, ती दीड तासाने दुसरीकडेच पडलेली असते. सकाळ-संध्याकाळी तर अर्ध्या तासातही ती ओळखू येत नाही. म्हणून पुढच्या जवळपास सगळ्या सूचना एकाच गोष्टीसाठी आहेत: ऊन आहे तोवर चित्र उभे राहावे.

सामान थोडे घ्या

पूर्वी चित्रकाराला रंग घोटून तयार करावे लागत. विरघळणाऱ्या रंगांच्या सुट्या वड्या बनवल्याबद्दल लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १७८१ मध्ये रीव्हज बंधूंना रुप्याचे पॅलेट बक्षीस दिले. अशा वड्यांमुळेच जलरंग खिशात मावू लागले. आजही प्रवासासाठी ट्यूबपेक्षा वड्यांचा, म्हणजे पॅनचा, डबा सोयीचा.

सहा रंग पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एक थंड, म्हणजे निळसर झाकेचा लाल, आणि अल्ट्रामरीन व सेरुलियन हे दोन निळे. लालमध्ये अलिझरिन क्रिमसन घ्यायचा असेल तर न विटणारा, ‘पर्मनंट’ म्हणून मिळणारा घ्या. जुना अलिझरिन उजेडात फिका पडतो. काळा नकोच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून ढगांच्या फिक्या करड्यापासून ओल्या खडकाच्या गडदपणापर्यंत सगळे मिळते, आणि त्या करड्यात जिवंतपणा असतो. तयार हिरवाही मी नेत नाही. पिवळा आणि निळा यांचे प्रमाण बदलत गेले की प्रत्येक झाडाला स्वतःचा हिरवा मिळतो.

कागदावर मात्र काटकसर करू नका. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), खरखरीत पोताचा कोल्ड प्रेस्ड कागद हवा. पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. सुती कागद असेल तर उत्तम, तो जास्त वेळ ओलसर राहतो. आकार १५ × २० सेंटिमीटर. एवढे छोटे चित्र तासाभरात पुरे होते, मोठे होत नाही.

बाकी टोकदार राउंड ब्रश १० आणि ६ नंबरचे, २बी पेन्सिल, पाण्याची बाटली, दोन छोटी भांडी (एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचे), जुन्या सुती कापडाचा तुकडा आणि वाऱ्यासाठी दोन क्लिपा.

बसायची जागा

दृश्य उन्हात असू द्या, कागद सावलीत हवा. कागदावर थेट ऊन पडले की डोळे दिपतात, प्रत्येक रंग फिका वाटतो आणि हात आपोआप गडद लावू लागतो. खोलीत आल्यावर तेच चित्र काळवंडलेले दिसते. सावली नसेल तर उन्हाकडे पाठ करून अंगाची सावली कागदावर घ्या. गॉगल काढून ठेवा, त्याने सगळ्या छटा बदलतात.

पहिली दहा मिनिटे ब्रश उचलू नका

डोळे बारीक करून बघा. तपशील पुसले जातात आणि उजेड, मधली छटा, गडद असे तीनच मोठे आकार उरतात. ते काडेपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीने नोंदवा. या छोट्या रेखाटनात चित्र उभे राहत नसेल तर मोठ्या कागदावरही राहणार नाही. थोडे सरकून दुसरी बाजू शोधा. चौकटीच्या कोपऱ्यात वेळ आणि उन्हाची दिशा दाखवणारा बाण काढा.

मग खऱ्या कागदावर हलक्या हाताने मोजक्या रेषा. सगळ्यात आधी सावल्यांच्या कडा आखून घ्या. नंतर सावली कितीही सरकू दे, तुम्ही या आखलेल्या सावलीशीच प्रामाणिक राहायचे. एका चित्रात दहाचे झाड आणि साडेअकराची सावली आली की काहीतरी बिनसलेले दिसते, ते काय हे बघणाऱ्याला सांगता येत नाही एवढेच. खोडरबर जपून वापरा. त्याने कागदाचा पृष्ठभाग उकलतो आणि तिथे रंग डागासारखा बसतो.

रंगवायला सुरुवात

जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. पाण्यावरची चकाकी, ढगाची उन्हातली कड, उजळलेली वाट हे सगळे आधीच ठरवून सोडून द्यायचे असते. मग फिक्याकडून गडदाकडे जायचे. आकाशाचा भाग स्वच्छ पाण्याने ओला करून वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, वरून खाली आणा, क्षितिजाजवळ तो फिका होऊ द्या. वाळल्यावर रंग उतरतो, म्हणून मनात असेल त्याहून थोडा दाट लावा.

इथून पुढे सगळा खेळ कागदाच्या ओलीचा आहे, आणि नवशिक्यांची बहुतेक चित्रे इथेच बिघडतात. कागद चकाकत असतो तेव्हा लावलेला रंग मोकळा पसरतो. चकाकी मावळली की कडा मऊ राहतात पण आकार टिकतो. दूरच्या डोंगरांसाठी हीच वेळ. पूर्ण वाळल्यावर कड धारदार येते. धोका मधल्या अवस्थेत आहे: कागद दिसायला कोरडा, पण हाताच्या पाठीला गार लागतो. तेव्हा पाणीदार ब्रश टेकवला तर ते पाणी बसू लागलेला रंग बाहेर ढकलते आणि कातरलेल्या कडेचा डाग उमटतो. तो दुरुस्त करायला गेले की आणखी वाढतो. एकच नियम पाळा: ब्रश कागदाहून कमी ओला असावा. शंका असेल तर ब्रश कापडाला टिपा किंवा सरळ थांबा. थांबण्याची ही पाच मिनिटे वाया जात नाहीत. तेवढ्यात समोर बघायचे असते.

दूरचे डोंगर निळसर ठेवा, त्यांत उजेड-गडदाचा फरक कमी ठेवा. मधल्या हवेत उजेड विखुरतो म्हणून ते तसे दिसतात. जवळ येताना छटा ऊबदार आणि गडद होत जाऊ द्या.

झाड पानापानाने रंगवू नका. उन्हाकडच्या बाजूला पिवळसर हिरवा लावा, तो ओला असतानाच सावलीकडे निळसर गडद सोडा आणि दोन्ही कागदावरच मिसळू द्या. मधे आकाशाची भोके राखली की झाडाला हवा मिळते.

पाण्यातल्या प्रतिबिंबात गडद वस्तू मुळापेक्षा जरा फिकी दिसते, उजळ वस्तू जरा गडद. लाटांवरच्या उन्हासाठी जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून भरकन ओढा; कागदाच्या पोतातले पांढरे ठिपके चमकू लागतात.

हवा साथ देत नसेल तर

दमट हवेत वॉश लवकर वाळत नाही. दोन छोटी चित्रे आलटून पालटून करा. कोरड्या, गरम वाऱ्यात उलटे होते. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या आणि मोठा ब्रश वापरा.

वेळच नसेल तर पेन्सिलीने छटा टिपा आणि जागोजागी रंगांची नावे लिहा. इंग्रज निसर्गचित्रकार टर्नरही प्रवासात मुख्यतः पेन्सिलीनेच वह्या भरत आणि रंगकाम बरेचदा नंतर करत. फोटो जरूर काढा, पण त्यावर विसंबू नका. त्यात सावल्या काळ्या पडतात आणि आकाश पांढरे होते.

उठताना

सावल्या आखलेल्या रेषांपासून लांब गेल्या की ब्रश खाली ठेवा. समोर जे बदलले आहे ते आता वेगळे चित्र आहे.

रंगीत पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. कोबाल्ट आणि कॅडमियम असलेले रंग पाण्यातल्या जीवांना घातक असतात. ते पाणी बाटलीत भरून परत न्या. याच कारणाने ब्रशचे टोक ओठांनी जुळवायची सवयही सोडा.

वही मिटण्याआधी पान हाताच्या पाठीने तपासा. जलरंगात रंग धरून ठेवायला डिंक असतो आणि ओल लागली की तो पुन्हा चिकट होतो. निघायच्या घाईत मी एकदा वही मिटली आणि दोन दिवसांची दोन चित्रे एकमेकांना चिकटून फाटली. तेव्हापासून शेवटचे ओले पान मी हातात उघडे धरूनच चालतो. रंगाचा डबा मुक्कामी पोहोचल्यावर रात्रभर उघडा ठेवावा, नाहीतर दमट हवेत वड्यांवर बुरशी धरते.