मिश्र किण्वनाची सेझाँ चाखताना: घोट गिळल्यावर तीसपर्यंत मोजा

ब्रसेल्सला राहायला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एक मोठी चूक केली. एका छोट्या ब्रुअरीत सेझाँ बिअरचा पहिला घोट घेतला. अननस, लिंबाची साल, मिऱ्याचा हलका ठसका, सगळं इतकं आवडलं की तिथल्या तिथे सहा बाटल्या उचलल्या. घरी निवांत बसून प्यायले तेव्हा गिळून अर्धा मिनिट झाल्यावर जिभेवर सादळलेल्या चुरमुऱ्यांसारखी, उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव वर आली. आधीच्या घाईत ती माझ्या लक्षातच आली नव्हती. तेव्हापासून या बिअरबद्दलचं मत मी पहिल्या घोटावर ठरवत नाही.

सेझाँ ही बेल्जियमच्या वालोनिया भागातली, विशेषतः एनो प्रांतातली शेतघरांची बिअर. पूर्वी ती हिवाळ्यात बनवत आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांना देत. साधी सेझाँ फक्त यीस्टवर आंबते. मिश्र किण्वनाच्या सेझाँमध्ये नेहमीच्या यीस्टबरोबर ब्रेटानोमायसिस (थोडक्यात ब्रेट) नावाचं रानटी यीस्ट आणि बहुधा लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणूही असतात. हे सगळे मिळून महिनोन्‌महिने साखर खात राहतात, म्हणून बिअर कोरडी होत जाते आणि बाटलीतही बदलत राहते.

आधी दोन खुणेच्या बाटल्या ओळखीच्या करून घ्या. पहिली तूर्प गावची सेझाँ ड्युपाँ, ६.५ टक्के अल्कोहोलची. तिच्यावरून यीस्टचा मिरीसारखा तिखटपणा आणि कोरडा शेवट कळतो. दुसरी ऑर्व्हाल, हीसुद्धा बेल्जियमचीच बिअर. ती सेझाँ नाही, पण बाटलीत भरताना तिच्यात ब्रेट घालतात आणि लेबलवर भरल्याची तारीख असते. एक ताजी आणि एक वर्षभर जुनी अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी उघडा. दोन्हींत जो फरक जाणवेल, त्यातला बराचसा ब्रेटचा.

आंबटपणा ओळखायला स्वयंपाकघर पुरतं. साध्या लागर बिअरचे १०० मिलीचे तीन ग्लास भरा. एक तसाच ठेवा, दुसऱ्यात चमचाभर दह्याचं निवळ पाणी घाला, तिसऱ्यात अर्धा चमचा व्हिनेगर. दह्याचा आंबटपणा मऊ असतो, तोंडाला पाणी सुटतं. व्हिनेगर आधी नाकाला झोंबतं, मग घशाला. सेझाँत दह्यासारखा आंबटपणा हवा. व्हिनेगरसारखा अगदी पुसट असेल तरच चालतो. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर मी गुण सरळ कापते.

आता प्रत्यक्ष चाखणं. बाटली एक दिवस उभी ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसतो. सिंकवर धरून सावकाश उघडा, कारण या बाटल्यांत गॅस भरपूर असतो आणि फेस उसळू शकतो. दहा ते बारा अंशांवर, वाईनच्या ग्लासात, एक तृतीयांशच ओता. पहिला ग्लास निवळ, गाळ ढवळलेला शेवटी वेगळा. सोबत साधा पाव आणि पाणी, चीज नंतर.

वास घेताना लांब श्वास ओढू नका, कुत्र्यासारखे दोन-तीन छोटे हुंगे घ्या. उघडताना गंधकाचा वास आला तर पाच मिनिटं थांबा, बहुतेकदा तो उडून जातो. हिरव्या बाटलीतून जळक्या रबरासारखा वास आला तर तिला ऊन किंवा दुकानातला दिवा लागला आहे. तो दोष ब्रेटच्या खात्यावर मांडू नका.

ब्रेटच्या वासाला इंग्रजी पुस्तकं घोड्याची घोंगडी म्हणतात. मी आयुष्यात घोडा जवळून हुंगलेला नाही, त्यामुळे तो शब्द वहीत लिहूनही मला काही आठवत नसे. मग आई इकडे आली. ती पीत नाही, पण मी ग्लास तिच्या नाकाशी धरला. तिने दोनदा हुंगलं आणि म्हणाली, "अगं, हा तर गव्हाणीतला ओला कडबा." फलटणजवळचा आमचा गोठा, पावसात भिजलेली गव्हाण, म्हशीच्या अंगाची ऊब, सगळं त्या ग्लासात होतं. त्या दिवसापासून माझी वही मराठीत आहे: ओला कडबा, नवी चामडी चप्पल, पिकलेलं अननस, ताकाची निवळी. आपल्या नाकाला ठाऊक असलेला शब्द लिहिला की सहा महिन्यांनीही तो वास जसाच्या तसा आठवतो.

घोट घेतला की तीन गोष्टी बघा. गोडवा उरलाय का? उरू नये. आंबट आणि कडू एकमेकांशी भांडतात का? हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडूपणा जास्त असला की लॅक्टिक जिवाणू दबतात, म्हणून दोन्ही जोरात असणं क्वचितच, आणि तसं झालं की तोंड खरवडल्यासारखं होतं. बिअर जिभेवर बुळबुळीत लागते का? दह्याला तार सुटते तसंच हे, जिवाणूंचंच काम. ब्रेट असेल तर काही महिन्यांत ती तार तुटते, म्हणून बाटली बाद करू नका, ठेवून द्या.

मग गिळा आणि तीसपर्यंत मोजा. उंदराचा दोष, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली ती उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव, आंबट बिअरमध्ये दबलेला असतो. लाळेने आम्लपणा उतरला की तो उठतो. शंका आली तर मनगटाच्या मागे थेंबभर चोळून हुंगा, त्वचेवर तो लवकर उघडा पडतो. काही जणांना हा दोष कळतच नाही, म्हणून शक्यतो दोघांनी मिळून चाखावं. तोही बऱ्याचदा बाटलीत काही महिन्यांत ओसरतो. माझ्या त्या सहांपैकी उरलेल्या चार मी तळघरात ठेवल्या होत्या. आठ महिन्यांनी एक उघडली, तीसपर्यंत मोजलं, मग साठपर्यंत. फक्त लिंबाची साल आणि ओला कडबा. राहिलेल्या तिन्हींवर तारखेची चिठ्ठी चिकटवून परत खाली ठेवल्या आहेत.